येडूचा काळा कळप

काय काम करता, असं येडूला कुणी विचारलं की तो सांगायचा, "जनावरं राखतो." खोटं नव्हतं ते. फक्त जनावरं वीतभरसुद्धा नव्हती, एवढंच. अक्कलकोट रोडला एका ट्रस्टचं कॅन्सर संशोधन केंद्र आहे. त्याच्या तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली, आणि त्या खोलीत ऐंशी काळ्या उंदरिणी. त्यांचं खाणंपिणं, झाडलोट, वजनं, सगळं येडूकडे. आता उंदीर राखायला पगारी माणूस ठेवतात हे ऐकून आमच्याकडची माणसं आधी फिदीफिदी हसतात. हसू द्या. मेंढरं राखणाऱ्यालाही हसतातच, आणि थंडी पडली की घोंगडी मात्र त्याच्याकडूनच मागून नेतात.

येडू मंगळवेढ्याकडचा. बाप हरिबा, दीडशे मेंढरांचा धनी, आणि मेंढरं सगळी काळीभोर. पुढे रानं आकसली, चराईला कुणी बांधावर उभं करेना, कळप विकला गेला आणि येडू बायकोला घेऊन सोलापुरात आला. चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. तो बंद पडल्यावर इथं. मुलाखत घेतली केंद्राच्या महेश्वर सरांनी. "उंदरांची भीती वाटते का?" त्यांनी विचारलं. येडू म्हणाला, "सायेब, दीडशे मेंढरं तोंडावरनं वळखत हुतो. ही तर पेटीत बसलेली हायती." सर हसले आणि कागदावर सही केली.

खरंच तो ओळखायचा. उंदरिणीच्या कानाला बारीक भोक पाडून खूण करतात, त्यावरून तिचा नंबर. येडूला भोक बघावं लागत नसे. ही ओठ दुमडून बसते ती सतरा. ही पाणी पिताना डावा पाय उचलते ती चाळीस. येडूच्या बायकोला, बाळाबाईला, हे ऐकून हसू आवरत नसे. "आवं, मला तरी वळखता का गर्दीत?" ती विचारायची. "आवाजावरनं," येडू म्हणायचा, आणि मग घटकाभर त्याला घरात थारा नसे.

त्या खोलीत ऋतू नव्हता. बाहेर मे महिन्यात डांबर पायाला चिकटायचं, आत बारा महिने गारवा एकसारखा. सकाळी सातला दिवे आपोआप लागत, संध्याकाळी सातला आपोआप विझत. दुपारी काम उरकून येडू स्टुलावर बसला की ऐंशी तोंडांचं ते बारीक कुरतडणं कानावर यायचं आणि डोळे जड व्हायचे. मग भिंती बाजूला सरायच्या. माळ दिसायचा, कुसळी गवत, लांबवर एकच बाभूळ, आणि काळा कळप मान खाली घालून चरतोय. कधी त्या मेंढ्यांना लांबलचक शेपट्या असायच्या आणि येडूला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हरिबा पुढे चालायचा. कुठं चाललोय हे येडू विचारायचा नाही, बापाला असलं विचारायचं नसतं. जाग आली की तळव्याला माळाची ऊब असल्यासारखी वाटायची आणि समोर पेट्या असायच्या.

हे सगळं चाललं होतं फिरदोससाठी. म्हणजे तिच्या संशोधनासाठी. फिरदोस तिशीची, सडपातळ, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. येडूला ती मामा म्हणायची, तो तिला ताई. पहिल्याच दिवशी तिनं त्याला सगळं उलगडून सांगितलं होतं. माणसाला सांगितल्याशिवाय त्याच्याकडून राबवून घेणं तिला पटत नसे. "मामा, तंबाखू-गुटखा माणसाच्या तोंडाला वीस वर्षांत जे करतो, ते हे औषधाचं पाणी उंदराच्या जिभेला सोळा आठवड्यांत करतं. सोळा आठवडे सगळ्यांना हे पाणी. मग निम्म्या उंदरांना आपलं नवीन औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. बाटल्या दोन, पिवळ्या झाकणाची आणि निळ्या झाकणाची. पेट्यांवर कार्डंही तशीच. कुठल्या रंगात औषध आहे ते मलाही ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. पाकीट सरांच्या कपाटात बंद."

"आन् मग?"

"मग बघायचं, कुठल्या रंगाचे जास्त दिवस तग धरतात. ज्याचं वजन पाचव्या हिश्श्यानं उतरलं त्याला त्रास न देता कायमचं झोपवायचं. वाट बघत ठेवायचं नाही. नियमच आहे तसा."

येडूनं मान हलवली. नियम त्याला कळला. कळणं वेगळं आणि हाताला पटणं वेगळं.

फिरदोसचे अब्बा, इमामसाब, टेम्पो चालवायचे. हैदराबाद, विजापूर, लातूर; झोप येऊ नये म्हणून गुटख्याची पुडी. दोन वर्षांपूर्वी त्यांचा अर्धा जबडा काढला. आता तोंड उघडायचं ते बोटभर. तरी माणूस हौशी. लेकीचा डबा घेऊन दुपारी स्कूटरवरून गेटपाशी यायचा. मग बापलेक कडुनिंबाखाली बसायचे. ती आधी त्यांना घरून आणलेलं पातळ खिमट चमच्यानं पाजायची. "आहिस्ते, अब्बा, आहिस्ते." हनुवटीवरून ओघळलेलं ओढणीनं पुसायची आणि मग स्वतः जेवायची. येडू गेटच्या पायरीवर बसून बाळाबाईनं दिलेली ज्वारीची आंबील प्यायचा आणि बघायचा. बघू नये असं वाटायचं, तरी बघायचा.

सोळा आठवडे सरले आणि उंदरिणींच्या जिभांवर पांढरे चट्टे उठले. मग गाठी. नवीन औषध सुरू झालं तशा काही जणी सावरल्या, काही जणी खाईनात. खायच्या गोळ्या खडीसारख्या टणक. दुखऱ्या जिभेनं कुरतडणार कशा? येडूच्या कानानं ते आधी हेरलं. खोलीतला कुरतडण्याचा आवाज विरळ झाला होता.

त्या दुपारी स्टुलावर डोळा लागला आणि माळ आला. पण कळप चरत नव्हता. मेंढ्या नुसत्या उभ्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. येडू सात-आठ वर्षांचा असताना एकदा गावात खुरकूत आली होती, तेव्हा अशाच उभ्या असायच्या. हरिबानं तेव्हा तीन आठवडे पाठ टेकली नव्हती. ज्वारीच्या पिठाची आंबील करायची, बांबूच्या नळकांड्यानं एकेकीच्या घशात सोडायची. निम्मा कळप वाचवला त्यानं. स्वप्नात तो येडूकडे वळला आणि कावून म्हणाला, "येड्या, त्यास्नी तोंड आलंय. दिसत न्हाय व्हय तुला?"

येडू दचकून उठला. आपल्या बाटलीत आंबील उरली होती. त्यानं बाटलीचं झाकण भरलं आणि सतरा नंबरच्या पेटीत ठेवलं. सतरा आधी नुसती बघत राहिली. मग आली, मिशा बुडवल्या, आणि प्यायली. एवढी एवढीशी जीभ, तिच्यावर गाठ, आणि तरी चाटून पुसून प्यायली. येडूचा जीव भांड्यात पडला. बाप असता तर शाबासकी दिली असती, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाळाबाई विचारायला लागली, "आंबील जास्त लागती आताशा?" तो म्हणायचा, "ऊन लई हाय." खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून उन्हाकडे बोट दाखवायचा. आणि त्या खोलीत रोज दुपारी झाकणं फिरायची. जी खात नाही तिला. जी खाते तिला कशाला? धनगराचं पोर आहे, लागेल तिथंच घालणार. आठवड्याभरात त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली: हात जास्त करून निळ्या कार्डाकडेच जातो. त्यानं त्यावर फार विचार केला नाही. सोमवारी वजनं व्हायची, आकडे बरे यायचे, फिरदोस कागदावर उतरवायची, आणि येडू आतल्या आत खूश व्हायचा.

बारा आठवड्यांनी पाकीट उघडलं. निळ्यात नुसतं पाणी, पिवळ्यात औषध. आणि दोन्हींचे दिवस जवळपास सारखेच. म्हणजे औषधात काही दम नाही. पण जिभा कापून भिंगाखाली बघितल्या, तर पिवळ्यांच्या गाठी लहान आणि निळ्यांच्या मोठ्या. जिभा एक सांगत होत्या, वजनं दुसरंच. महेश्वर सरांनी कागद दोनदा चाळले आणि म्हणाले, "फिरदोस, कुठंतरी हातचलाखी नाही तर निष्काळजीपणा. पेट्यांची अदलाबदल केलीस तू. मला अहवालात तसंच लिहावं लागेल."

ती वाद घालेल असं येडूला वाटलं. पण ती रिकाम्या पेट्यांपुढे येऊन उभी राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "केली असेन. रमजान चालू होता, सोमवारी कधी कधी डोळ्यांपुढं अंधारी यायची. माझ्याच हातून झालं असणार." तीन वर्षांचं काम होतं तिचं. हातात झाडू धरून येडू तिथंच उभा होता.

अख्ख्या इमारतीत खरं ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो झाडू मारत होता! बोलावं, तर नोकरी जाणार. न बोलावं, तर पोरीचं नाव जाणार, आणि कदाचित चांगलं असलेलं औषध उकिरड्यावर. घरी गेला तर घास उतरेना. बाळाबाईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट ओढून घेतलं तेव्हा त्यानं सगळं ओकलं.

बाळाबाईनं ताट खाली ठेवलं. "म्या घुसळून दिलेली आंबील," ती म्हणाली. "उंदरांना घातली त्याचं काय न्हाय वो. भुकेल्याला घातली. पण त्या लेकीच्या माथी आळ बसतोय आन् तुमी हितं भाकरी मोडत बसलाय? उद्या सकाळच्या पारी जाऊन सांगायचं. न्हायतर म्या येते."

सांगितलं. सकाळी आठ वाजता, फिरदोसच्या टेबलाशी उभं राहून, नजर फरशीवर ठेवून.

ती ताडकन उठली. "मामा! तीन वर्षं! तुम्हाला सगळं समजावलं होतं मी. दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हाला!" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "का केलंत?"

येडू फरशीकडेच बघत म्हणाला, "ताई, तुमी अब्बांना पातळ करून पाजता की. ह्यास्नीबी तोंडच आलं हुतं. ह्यांनी काय पाप केलं?"

फिरदोस खुर्चीत बसली. तिनं टेबलावरचा पेन दोनदा फिरवला. मग एकदम थांबली आणि हळू आवाजात विचारलं, "कुठल्या कार्डाला घालत होता?"

"जास्त करून निळ्याच."

"निळ्याच?"

"धाच्या जागी नऊ येळा निळ्या. पिवळ्या खात हुत्या की, त्यास्नी कशाला घालू?"

तिनं तोंडावर हात धरला. हसतेय की रडतेय ते येडूला समजेना, बहुधा दोन्ही. "मामा, म्हणजे औषध चालतंय," ती म्हणाली. "तुम्ही निळ्यांना आयुष्य पाजत होता, म्हणून फरक दिसला नाही."

"मग झालं की. लिवा तसं."

"असं लिहिता येत नाही. झाकणं कुणी मोजली होती? परत करावं लागेल. पहिल्यापासून."

"पयल्यापासनं म्हंजे?"

"नव्या ऐंशी."

येडूनं वर बघितलं. "परत ऐंशी," तो म्हणाला. "माझ्यापायी."

नाही, असं ती म्हणाली नाही. खोटा धीर देणारी पोरगी नव्हती ती. जी चाळीस तोंडं त्यानं चार दिवस जास्त जगवली, त्यांच्यापायी आता आणखी ऐंशी जीव जाणार होते. दया अशी उलटते हे येडूला बापानं कधी शिकवलं नव्हतं, कारण बापालाही ते ठाऊक नव्हतं.

महेश्वर सर त्याला त्याच दिवशी काढणार होते. आणि खरं सांगायचं तर येडूलाही परत त्या खोलीत पाय ठेवायचा नव्हता. फिरदोसनं दोघांनाही अडवलं. सरांना म्हणाली, "सर, स्वतः येऊन सांगणारा माणूस आहे. असा दुसरा आणून दाखवा." आणि येडूला गेटपाशी गाठून म्हणाली, "तुम्ही गेलात तर दुसरा कुणीतरी येईल. सोमवारी वजन करेल, कागदावर लिहील. पण मंगळवारी जी खायची थांबली ती त्याला पुढच्या सोमवारी कळेल. तुम्हाला मंगळवारीच कळतं. सहा दिवसांची भूक आहे मामा मधे."

येडू घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी आला. सरांची अट एकच होती: आंबिलीची बाटली वॉचमनपाशी ठेवायची.

नव्या ऐंशी आल्या. येडूनं त्यांचे कान टोचले. यावेळी ओळखायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं; आठ दिवसांत सगळ्या ओळखीच्या झाल्या. सोळा आठवडे गेले, जिभांवर चट्टे आले, आणि एका दुपारी कुरतडण्याचा आवाज परत विरळ झाला. हात आपोआप पाठीमागे गेला, जिथं बाटली असायची. तिथं काही नव्हतं. त्या दिवशी त्यानं मेलेल्या बापाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

मग तो त्याला जमत होतं तेवढं करत गेला. एखादी खायची थांबली की तिला वेगळी काढायचा, रोज वजन करायचा, आकडा खाली आला की त्याच घटकेला फिरदोसला हाक मारायचा. पहिल्या वेळी ती म्हणाली, "मामा, तुम्ही बाहेर थांबा." तो म्हणाला, "न्हाय. मी हितंच बसतो." झोपेचा वायू सोडायच्या पेटीवर हात ठेवून तो बसायचा, आतली हालचाल थांबेपर्यंत. त्या आठवड्यांत दुपारी डोळा लागला तरी माळ यायचा नाही. एकदाच आला. कळप नव्हता, बाभूळ होती, आणि तिच्या सावलीत इमामसाब बसले होते, तोंड भरून हसत, सगळा जबडा जागच्या जागी. येडूला ते बघून इतकं बरं वाटलं की जाग आल्यावर तो बराच वेळ डोळे मिटूनच बसला. हे औषध इमामसाबच्या कामाचं नव्हतं. उंदरापासून माणसापर्यंत यायला अजून किती वर्षं लागतील, आणि येईल तरी का, हे फिरदोसनं त्याला कधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शेवटची निळी उंदरीण गेली ती गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. निळं कार्ड संपलं होतं. पिवळ्या चाळीसांतल्या किती उरल्या ते येडूला मोजायची गरज नव्हती. पाठीमागे त्या कुडकुड कुरतडत होत्या. फिरदोस पाकीट उघडायला वर सरांकडे गेली, कारण या खेपेला रंग बदलले असतील तर कुणाला ठाऊक? येडूनं त्या उंदरिणीला पेटीतून काढून तळहातावर घेतलं. अजून कोमट होती. वजन असं काही नव्हतंच.

जिन्यात पावलं वाजली. फिरदोस धावत आली, दारात अडखळली, हातात उघडलेलं पाकीट. "मामा!" तिला धाप लागली होती. "निळ्यात नुसतं पाणीच होतं! पिवळ्या एकोणतीस जिवंत आहेत, मामा. एकोणतीस! फरक पडला!" ती बोलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला घड्याळाकडेही बघायचं होतं, कारण जीभ वेळेत काढून घ्यायला हवी होती. तिनं हात पुढे केला. "द्या तिला इकडं."

"देतो," येडू म्हणाला. "जरा थांबा ताई. आदी तिला सांगू द्या."

त्यानं तळहात तोंडापाशी नेला आणि त्या भोक पाडलेल्या कानात हळूच म्हणाला, "पडला गं बाई फरक."